कैनाडचे आभाळ

छायाचित्रणाच्या छंदाला पैसा लागतो असे लोक म्हणतात. लागतो, नाही असे नाही. आमच्या घरी त्या पैशाचा हिशेब कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर आहे आणि तो लिहिणारा हात माझा नाही. पण लग्ने, मुंजी, बारशी टिपणाऱ्याचे एवढ्यावर भागते. ज्याला शेते, झाडे, डोंगर आणि त्यांच्यावरचे आभाळ टिपण्याचे खूळ लागले, त्याला पैशाहून महाग अशी एक गोष्ट लागते. ती म्हणजे रिकामा वेळ. आणि तोही असा, की तो कशासाठी रिकामा ठेवला आहे हे चारचौघांत नीट सांगता येऊ नये.

"सुट्टीत कुठे?" शेजारचे विचारतात.

"डहाणूकडे. कैनाडला."

"काय आहे तिथे?"

"ढग," मी म्हणतो. आणि ढग तर आपल्या गच्चीवरूनही दिसतात, हे वाक्य त्यांच्या ओठांवर येण्यापूर्वीच आमची सौभाग्यवती ते उच्चारून टाकते. तिने ते इतक्या वेळा म्हटले आहे, की आता तिला त्यात टोमणा मारल्याचे समाधानही मिळत नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाला मुक्या गोष्टींची ओढ का लागावी, याचे उत्तर मानसशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने द्यावे. माझ्यापुरते सांगायचे तर वर्षभर इतरांनी लिहिलेल्या पावसावर बोलून झाले, की जो पाऊस कुणी अजून लिहिलेला नाही असा थोडासा बघावा, एवढीच इच्छा असते.

कैनाड हे डहाणू तालुक्यातले गाव. किल्ला नाही, धबधबा नाही, प्रवासवर्णनात परिच्छेदभर जागा मिळावी असे काही नाही. शहरातल्या माणसाला डहाणू म्हटले की समुद्र, सुरूची झाडे आणि चिकूच्या वाड्या आठवतात. त्या पट्ट्याकडे पाठ करून आत शिरले की भाताची खाचरे लागतात, ताड लागतात, सागाचे तुटक रान लागते आणि मधून मधून कुडाच्या भिंतींची घरे असलेले वारल्यांचे पाडे लागतात. हवा स्वच्छ असेल तर लांबवर महालक्ष्मीचा सुळका एखाद्या बोटासारखा उभा दिसतो. बस्स, एवढेच. पण चित्राला एवढे पुरते. किंबहुना याहून जास्त असले की चित्र बिघडते. नावाजलेल्या ठिकाणी जो जातो तो तिथले आधीच काढलेले चित्र पुन्हा काढून परत येतो. कैनाडचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आधीपासून नव्हते, हीच त्याची पहिली मोहिनी.

शिवाय जाणे सोपे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली आणि माझ्यासारख्यांची सोय झाली. विरार सोडले, वैतरणेचा पूल ओलांडला, की गाडीचा स्वभावच बदलतो. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव करत ती निवांत जाते. मी खिडकीशी बसतो आणि आभाळाची नाडी पाहतो. पालघरला ऊन, बोईसरला सर, वाणगावला पुन्हा ऊन आणि डहाणूला उतरावे तर छत्री उघडण्यापुरताही अवसर नाही, असे मी अनेकदा अनुभवले आहे. पुढे स्टेशनाबाहेर रिक्षा. ती माणसांनी भरल्याशिवाय निघत नाही आणि भरल्यावर आणखी दोन माणसे घेते. माझ्या तिपाईला एकदा एका आजीबाईंनी मासे पकडायचे काही साधन समजून त्याची बारकाईने चौकशी केली होती. खुलासा ऐकल्यावर त्यांचा माझ्याविषयीचा आदर कमी झालेला स्पष्ट दिसला.

आता ढगच कशाला हवेत, हेही सांगितले पाहिजे. निरभ्र आकाश हे छायाचित्रकाराचे दुर्दैव. दुपारचे स्वच्छ ऊन सरळ डोक्यावरून पडते, सावल्या काळ्याभोर होतात आणि जमीन भाकरीसारखी सपाट दिसते. उलट आभाळ पूर्ण भरून आले, तर प्रकाश सगळीकडून सारखाच येतो; हिरवा रंग गडद होतो, पण चित्राला उठाव राहत नाही. या दोहोंच्या मधे एक क्षण असतो. सर नुकतीच सरलेली, हवेतली धूळ धुऊन गेलेली, एका बाजूला काळाकुट्ट ढग आणि दुसऱ्या बाजूला ढगांच्या फटीतून तिरपे आलेले ऊन. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उजळलेले शेत! ही तिरीप अर्धे मिनिट टिकते, कधी तेवढीही नाही. त्यासाठी सहा सहा तास बांधावर बसायचे.

आणि बसायचे केव्हा, हे तरी कुठे ठरलेले असते? मुंबईकडे पाऊस ११ जूनच्या आसपास पोचावा असा वेधशाळेचा हिशेब. २०१९ साली तो २५ जूनला आला आणि २०२५ साली २६ मेलाच दारात उभा राहिला. दोन्ही तारखांमध्ये जवळजवळ महिन्याचे अंतर. रजेचा अर्ज पावसाच्या आधी द्यावा लागतो, ही आमच्या पेशातली मोठीच अडचण. एका जूनमध्ये मी तीन वेळा कैनाडला गेलो आणि तिन्ही वेळा घाम पुसत परत आलो. चौथ्या वेळी पेपर तपासण्याचे काम होते. त्या दिवशी काय झाले ते सांगायला नकोच.

पाऊस आला तरी प्रश्न सुटत नाहीत. भिंगाच्या काचेवर थेंब पडतात, ते पुसावेत तर पुसायचे फडकेच ओले. पानांवर चकाकी येते, ती मारायला भिंगापुढे एक गोल काच फिरवून बसवावी लागते. घरी आल्यावर भिंगाच्या पोटात बुरशी धरू नये म्हणून सगळी साधने ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायची. हा डबा पूर्वी तांदळाचा होता. तो माझ्याकडे कसा आला, याची नोंद कपाटाच्या दारावरच्या हिशेबात आहे.

या वाट पाहण्यात आपण एकटे नाही, एवढाच काय तो दिलासा. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज काचांच्या पेट्या, रसायने आणि तंबू हमालांच्या डोक्यावर देऊन हिमालयात भटकला. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि तिथल्या तिथे काळ्या तंबूत धुवायचे. एवढे सगळे मांडून झाल्यावर धुके आले म्हणजे त्या गृहस्थाच्या तोंडून काय निघत असेल, याची कल्पना मला बांधावर बसून चांगली करता येते. अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्सला १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्देझ या खेड्याजवळ संध्याकाळी चंद्र उगवलेला आणि खालच्या दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळते ऊन पडलेले दिसले. घाईत प्रकाश मोजायचे यंत्र सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हे त्याला पाठ होते, त्यावरून त्याने हिशेब केला आणि एक चित्र घेतले. दुसरे घेईपर्यंत ऊन गेले होते. त्याच चित्राच्या प्रती मात्र तो पुढे वर्षानुवर्षे काढत राहिला आणि प्रत्येक वेळी वरचे आभाळ अंधारखोलीत अधिकाधिक काळे करत गेला.

पण आमच्या घरी सर्वांत लोकप्रिय ठरली ती ब्रायन ब्रेकची गोष्ट. हा न्यूझीलंडचा छायाचित्रकार १९६० साली आपला पावसाळा टिपायला भारतात आला. पुढच्या वर्षी 'लाइफ' साप्ताहिकात त्याची चित्रे आली आणि जगभर गाजली. त्यांतले सर्वांत गाजलेले चित्र एका मुलीचे. डोळे मिटलेले, वर केलेला चेहरा, त्यावर पावसाचे थेंब. ती मुलगी म्हणजे पुढे नावारूपाला आलेल्या अभिनेत्री आणि दिग्दर्शिका अपर्णा सेन. चित्र कलकत्त्यातल्या एका गच्चीवर घेतले होते आणि तो पाऊस पडत होता झाडांना पाणी घालायच्या झारीतून!

"म्हणजे गच्चीवरच!" सौभाग्यवती म्हणाली. त्या दिवसापासून मी पिशवी भरू लागलो की ती झारी घेऊन जाण्याविषयी विचारते.

कैनाडला माझी ज्यांच्याशी ओळख झाली ते काका असेच पावसामुळे भेटले. सरीने गाठले म्हणून मी त्यांच्या पडवीत शिरलो. त्यांनी खाट पुढे केली, नातीने कोरा चहा आणला. कोणत्या गावचे, काय करता, अशी चौकशी झाली आणि शिकवतो म्हटल्यावर मी 'गुरुजी' झालो तो कायमचा. त्यांच्या बोलीचे वळण छापील अक्षरांत उतरत नाही, म्हणून मी ते साध्या मराठीत देतो.

"काका, आज उघडेल का हो?" मी विचारले. खरे सांगायचे तर माझ्या आतल्या मराठीच्या मास्तराने वही उघडून ठेवली होती. मुंग्या, कावळ्याचे घरटे, वाऱ्याची दिशा, काहीतरी अस्सल ऐकायला मिळणार या आशेने मी सरसावून बसलो.

काकांनी आभाळाकडे पाहिलेच नाही. त्यांनी आत हाक दिली, "बघ गं, मोबाइलात काय सांगतो."

नात म्हणाली, संध्याकाळपर्यंत पाऊस. पाच मिनिटांत ऊन पडले.

"तो डहाणूचं सांगतो," काका म्हणाले. "इथलं इथं आल्यावरच कळतं."

याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगाला दाखवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधी ही चित्रे मुख्यतः लग्नघरी, सवाष्णी बायका गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत. या चित्रांकडे छायाचित्रकाराच्या डोळ्यांनी पाहिले की एक गोष्ट खटकते आणि मग खटकायची थांबते. त्यांत क्षितिजाची रेघ बहुधा नसतेच. आमच्या धंद्यात माणूस चित्रात घालतात तो डोंगर किती मोठा आहे हे कळावे म्हणून, कोपऱ्यात, मुंगीएवढा. इथे भिंतभर माणसेच असतात. पेरणारी, कापणारी, कांडणारी, नाचणारी. झाड किती मोठे हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

एकदा आश्विनात मी काकांजवळ माळावरच्या गवताची तारीफ केली. कमरेएवढे वाढलेले, उतरत्या उन्हात सोन्यासारखे दिसणारे गवत. काका म्हणाले, "आमच्या बापानं हेच कापलं." पुढे ते काही बोलले नाहीत आणि बोलायची गरजही नव्हती. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' मी वर्गात शिकवले आहे. १९४५ साली डहाणू-तलासरीचे वारली उठले तेव्हा एक मागणी या गवताचीच होती : पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. पुस्तकात ते मी अधोरेखित करून ठेवले होते. तरी त्या माळाचे चित्र घेतले तेव्हा त्यात मला दिसला तो पिवळा रंग.

आणि आता २०१९ ची दिवाळी.

त्या वर्षी उशिरा आलेला पाऊस जायचे नाव घेत नव्हता. देशातून त्याची परतीची वाट ९ ऑक्टोबरला सुरू झाली. इतका उशीर तोवरच्या नोंदींत नव्हता. लक्ष्मीपूजन २७ तारखेला. त्याच सुमारास अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे प्रचंड चक्रीवादळ घुमत होते. ते किनाऱ्यावर आले नाही, पण त्याने कोकणभर पाऊस शिंपडला. ते ओमानच्या दिशेने सरकते आहे तोच लक्षद्वीपजवळ 'महा' हे दुसरे उभे राहिले. एकाच वेळी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात! आकाशकंदील प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगलेले मी त्याच वर्षी पाहिले.

मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ऑक्टोबर म्हणजे पिकलेले भात आणि स्वच्छ आकाश. पिकलेले भात आणि आषाढाचे आभाळ हा योग कुठल्या पंचांगात सापडणार? भाऊबीज आटोपून मी डहाणूची गाडी धरली.

दिवसभर भुरभुर चालली होती. चारच्या सुमारास थांबली. समुद्राच्या बाजूला शाईसारखा ढग दाटला होता, त्याच्या खालच्या कडेला जरा फट पडली आणि तिच्यातून जी तिरीप आली ती नेमकी कापलेल्या भातावर! तसा प्रकाश मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. खाचरांत साठलेल्या पाण्यात पिवळे ऊन, मधे कापून वाळत घातलेल्या भाताच्या रांगा आणि वर काळे आभाळ. मी तिपाई रोवली. सहा चित्रे घेतली. सहाव्याला फट मिटली.

"गुरुजी," बांधावरून काकांची हाक आली, "इकडे या. ह्याचा काढा."

घरातली सगळी माणसे पाण्यात उभी होती. हळवे भात आधीच कापून झोडून झाले होते. मधले, निमगरवे, दिवाळीआधी कापून दोन दिवस उन्हाला म्हणून शेतातच पसरले होते, आणि ते दोन दिवस आलेच नव्हते. काकांनी एक मूठ उचलून माझ्यापुढे धरली. लोंबीवरच्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. नखाएवढे, अगदी नाजूक. जवळून घ्यायचे भिंग माझ्याजवळ होते. मी चित्र घेतले.

नात जवळ आली. "सर, तुमच्या फोटोवर ठिकाण येतं का?"

"ठिकाण?"

"गावात सांगितलंय, पंचनाम्याला फोटो लागेल. फोटोवर जागा आणि तारीख पाहिजे."

माझ्या कॅमेऱ्यात ती सोय नव्हती. जागेची नोंद तो करत नाही, प्रकाशाची करतो. तिने ओढणीला पुसून आपला मोबाइल काढला. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती आणि ओल्या काचेवर तिचे बोट चालेना, म्हणून मी छत्री तिच्या हातांवर धरली. कॅमेरा पिशवीत, तिपाई बांधावर, आणि मी छत्री धरून एका खाचरातून दुसऱ्यात. ती एकेका खाचराच्या कोपऱ्यात उभी राहून चित्र घेई, काका बोटाने हद्द दाखवत. चित्रे वाकडी येत होती, एकात तर माझी अर्धी छत्री आली. पण प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरांत अक्षांश, रेखांश आणि वेळ उमटत होती. मग अंधार पडेपर्यंत आम्ही ओल्या पेंढ्या उचलून पडवीत रचल्या. ओले भात किती जड असते, हे मला पुस्तकांनी सांगितले नव्हते.

'महा' वादळाचा पुढचा प्रवास वर्तमानपत्रांत आला. ते वायव्येकडे गेले, भर समुद्रात वळले आणि गुजरातकडे परत फिरले. पालघर जिल्ह्याला सावधगिरीचे इशारे मिळाले. आणि किनारा गाठण्यापूर्वीच ७ नोव्हेंबरच्या सुमारास त्याचा जोर संपला. पाठोपाठ आभाळ निवळले. मला निरुपयोगी असे निळेभोर, स्वच्छ आभाळ. काकांकडे तेव्हा गरव्या भाताची कापणी चालू झाली असणार.

निवडणुकीचे निकाल लागूनही राज्यात सरकार बसलेले नव्हते. राष्ट्रपती राजवट आली होती. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली : खरिपाच्या पिकाला हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. गुंठ्याचा हिशेब मी घरी बसून केला. साधारण ८० रुपये. माझ्या भिंगापुढे त्या संध्याकाळी जी गोल काच फिरत होती, ती सुमारे पन्नास गुंठ्यांची निघाली.

ती सहा चित्रे उत्तम उतरली, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. त्यांतले तिसरे आमच्या दिवाणखान्यात आहे. ते लावण्याचा आग्रह सौभाग्यवतीचा. पाहुणे त्यासमोर थांबतात. "काय रंग आहेत हो! स्वित्झर्लंड का?" असे एकाने विचारले. "नाही, कैनाड," ती म्हणाली, आणि त्यांना चहा घेऊन येईपर्यंत त्या भाताचे पुढे काय झाले तेही सांगून टाकले. झारीचा विनोद त्या दिवसापासून बंद आहे.

जानेवारीत मी त्याची मोठी प्रत आणि कोंबांच्या चित्राची लहान प्रत घेऊन कैनाडला गेलो. मदतीचे पैसे खात्यात आले होते, असे काकांनी विचारल्यावर सांगितले. कोंब फुटलेले भात त्यांनी गुरांना आणि कोंबड्यांना घातले होते. पडवीतल्या उजेडात त्यांनी मोठी प्रत गुडघ्यावर धरली. वरच्या अर्ध्या भागावरून, म्हणजे माझ्या त्या ढगावरून आणि तिरिपेवरून, त्यांची नजर न थांबता खाली आली. मग ते बोट टेकवत टेकवत मोजू लागले. नातही शेजारी बसली. रांगा मोजून झाल्यावर ते म्हणाले, "ह्या सतराच आल्या. पलीकडच्या खाचरातल्या नाही आल्या."

"ढग तिकडून होता ना," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली आणि बाहेर, शेताच्या दुसऱ्या टोकाच्या चिंचेकडे बोट दाखवले. "त्या झाडाखाली उभं राहायचं, गुरुजी. तिथनं सगळं दिसतं."